देवाची पट्टी

रामहरीला धोट्याची भीती वाटायची. चादरीच्या कारखान्यात पोट भरणाऱ्या माणसानं धोट्याला भ्यायचं म्हणजे कोळ्यानं पाण्याला भिण्यासारखं, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. ज्याच्या सख्ख्या भावाचा डोळा धोट्यानं नेला, त्याला विचारा.

धोटा म्हणजे तरी काय, हातभर लाकूड. पोटात सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना पोलादाची चोच. यंत्रमागाच्या एका कडेच्या पेटीतून दुसऱ्या कडेच्या पेटीत तो असा पळतो की त्याच्यावर नजर ठरत नाही. सगळं सुरळीत आहे तोवर गरीब बिचारा. पण एकदा का पेटीतून उडाला, की समोर कोण उभं आहे ते बघत नाही. मानसिंगचा डावा डोळा असाच गेला, दुसऱ्या एका कारखान्यात, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. डॉक्टरांनी रामहरीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, उजवा वाचलाय, त्याला जपा.

तेव्हापासून तो उजवा डोळा जपायचं काम रामहरीनं अंगावर घेतलं होतं. आईबाप लवकर गेले, तेव्हा माळशिरसकडच्या त्यांच्या गावातून मानसिंगनंच त्याला सोलापुरात आणलं, स्वतः मागावर उभं राहून त्याला मॅट्रिक केलं. आता मानसिंगला दुसरं काही येत नव्हतं आणि एका डोळ्याच्या माणसाला दुसरं काही कुणी देतही नव्हतं. रोज सकाळी भाकरी बांधून देताना रुक्मिणीवहिनी रामहरीला म्हणायची, "भावजी, तुमी तितं हायसा म्हून मला घरात घास जातो." रामहरी हसायचा. आणि वाटभर दादाच्या डाव्या, आंधळ्या बाजूनं चालायचा.

दोघे भाऊ सिद्धप्पांच्या कारखान्यात होते, अक्कलकोट रस्त्याला. मानसिंग विणायचा आणि रामहरी पट्ट्या कापायचा.

चादरीवर मोर कसा येतो, हे चादर पांघरणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि त्याला गरजही नाही. पण इथं सांगायला हवं. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक लांबलचक माळ फिरते. प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली. जिथं भोक, तिथला उभा दोरा वर उचलला जातो, आणि खालून धोटा जातो. एक पट्टी, धोट्याची एक फेक, चादरीतला एक आडवा दोरा. पट्टीच्या कडेला वेगळं भोक असलं तर धोटा बदलतो, तांबडा जाऊन पांढरा येतो. माळ संपली की चादर संपली, आणि माळेचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलेलं असल्यामुळं लगेच दुसरी चादर सुरू. थोडक्यात, मोर विणकराच्या डोक्यात नसतो, पट्ट्यांत असतो.

कारखान्याच्या सगळ्या मूळ पट्ट्या नरसय्या मास्तरांनी कापलेल्या, रामहरी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. जन्म घातला होता माणसानं त्यात. पट्ट्यांची एक खोलीच होती. मोर, वेल, कमळ, चौकट, सगळ्यांच्या माळा खुंट्यांना टांगलेल्या. आणि त्यातल्या काही माळांच्या शेवटी एक पट्टी असायची, जिला एकही भोक नाही. कोरीच. तिला सगळे देवाची पट्टी म्हणायचे. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की त्या पट्टीला हळदीकुंकू लागायचं. वर्षानुवर्षांच्या कुंकवानं ती पट्टी लालकाळी झालेली. ही कशाला, म्हणून रामहरीनं एकदा मास्तरांना विचारलं होतं. मास्तर तोंडातलं पान सावरत म्हणाले, "देवाला एक ठेवायची रे बाबा." आणि पुढची पट्टी कापायला घेतली. तेलुगू घरातला म्हातारा, मराठी बेतानंच बोलायचा, आणि मागच्या वर्षी तर वारलाच.

मग सिद्धप्पांनी मुंबईहून नवं जेकार्ड आणलं. बारीक सुयांचं, जास्त दोरे उचलणारं. जुन्या पट्ट्या त्याला बसेनात. त्या तशाही झिजल्या होत्या. भोकं फाटलेली, पावसाळ्यात पुठ्ठा फुगायचा, झुरळांनी कडा खाल्लेल्या. रोज कुठल्या ना कुठल्या मोराची मान तुटायची. सिद्धप्पा म्हणाले, "रामहरी, सगळं नव्यानं काप. अन् नवं उभं राहिलं की जुनं एकसुद्धा ठेवायचं न्हाई. ठेवलं की कुणीतरी आळसानं तेच लावणार."

रामहरीनं जीव ओतून कापल्या. जुनी पट्टी समोर धरायची, भोक न् भोक आलेखाच्या कागदावर उतरवायचं, त्यावरून नवी कापायची. देवाची पट्टी हातात आली तेव्हा मात्र तो थांबला. हिच्यावर उतरवायला काहीच नाही. नरसय्या मास्तर देवभोळे होते. त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. मॅट्रिक झालेल्या माणसानं कोरा पुठ्ठा उगाच माळेत का ओवायचा? देवाला मागावर हार घालू की. असं म्हणून त्यानं ती पट्टी सोडून दिली. एका माळेत सोडली, मग सगळ्यांत सोडली.

नवं जेकार्ड सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी जोडमोराची नवी माळ चढवून त्यानं स्वतः अर्धी चादर विणून बघितली. काय मोर आला होता. मानेवरचा प्रत्येक ठिपका मोजून घ्यावा असा. सिद्धप्पांनी पाठ थोपटली, बास म्हणाले, आता चालू दे. त्या चढलेल्या अवसानातच रामहरीनं हट्ट धरला, की नव्या जेकार्डखाली विणायचा पहिला मान मानसिंगदादाला द्यायचा. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यांवर विश्वास नाही, पण या माझ्या आहेत. दादाचा डोळा कुठं सुरक्षित असेल, तर माझ्या हातच्या माळेखाली.

सकाळी मानसिंग आला. हार घातलेल्या मागाच्या पाया पडला आणि कितीतरी वेळ वर माळेकडं बघत राहिला. मग स्टूल घेऊन वर चढला आणि माळेचा जोड बोटांनी चाचपला.

"ही तूच ववलीस न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय दादा. का रं?"

"मग झालं," मानसिंग म्हणाला आणि खाली उतरला. त्याचा चेहरा थोडा उतरल्यासारखा दिसला. रामहरीला वाटलं, नवं जेकार्ड आहे, दडपण आलं असेल. मानसिंगनं माग चालू-बंद करायची मूठ ओढली. माग धडधडायला लागला, आणि रामहरी जुन्या माळा हातगाडीवर घालून निघाला, जाळायला.

रंगखातं ओढ्याकाठी, कारखान्यापासून चांगलंच लांब. तिथं भट्टीवर अंबुबाई असायची. आधी ती कारखान्यातच नरसय्या मास्तरांच्या हाताखाली पट्ट्या ओवायला होती. डोळ्यांनी सुई दिसेनाशी झाल्यावर भट्टीला सरपण घालायला लागली. तिनं रामहरीला आधी चहा पाजला. घाई कसली, म्हणाली. आणि रामहरीलाही घाई नव्हती, तेच तर. त्यानं निवांत बसून बशीतला चहा संपवला आणि मग दोघं माळा सोडून भट्टीत टाकायला लागले. पुठ्ठा चांगला पेटत होता. वेल गेला, कमळ गेलं. रामहरीला थोडं वाईट वाटलं आणि थोडं मोकळंही.

जोडमोराची माळ हातात आल्यावर अंबुबाईनं तिची दोरी तोडून कुंकवाची पट्टी काढून पदरात ठेवली.

"ती का काढली, मावशी?"

"देवाची हाय न्हवं? जाळायची व्हय?"

"आगं, पुठ्ठा त्यो."

"आसंल तुजा पुठ्ठा," अंबुबाई म्हणाली. "माज्या हातनं न्हाय जायाची." आणि पदर उलगडून तिनं दाखवलं. आधीच चारपाच काढून ठेवल्या होत्या.

रामहरी हसत होता. हसता हसता त्याच्या मनात आलं, मास्तरांनी वेलाला देव का दिला नाही? चौकटीला का नाही? देवभोळा माणूस एका माळेत देव ठेवील आणि दुसरीला नाही, असं कसं? त्यानं अंबुबाईला विचारलं, या कुठल्या कुठल्या माळांच्या गं. ती सांगत गेली. जोडमोर. दोन कमळांची. दोन हत्तींची. सगळ्या जोडनक्षीच्या, म्हणजे चादरीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागावर उलटा ठेवलाय अशा.

आणि मग तो बोटांवर दोरे मोजायला लागला.

वरच्या अर्ध्यात जितके दोरे तितकेच खालच्या अर्ध्यात. त्यांची जोडी लागते. पण मधे, दोन मोरांच्या चोची जिथं भिडतात, तिथं एकच रेघ असते. तिला जोडीदार नाही. म्हणजे सगळ्या मिळून एक फेक जास्तीची. धोटा गेला आणि परत आला, गेला आणि परत आला, असं करत शेवटी नुसता गेला. परत आलाच नाही. तांबडा धोटा उजवीकडच्या पेटीत बसून राहिला. तेवढ्यात माळ संपून पहिली पट्टी वर येते, पहिल्या पट्टीला कडेचं भोक आहे, डावीकडच्या दोन कप्प्यांच्या पेटीतून पांढरा धोटा सुटतो, आणि उजवीकडच्या पेटीत जागा तर एकालाच. तिथं तांबडा आधीच आहे. मग पांढरा उडणार.

मास्तरांनी देवाला दिली नव्हती ती पट्टी. धोट्याला घरी आणायला दिली होती. कोऱ्या पट्टीवर कुठला दोरा उचलत नाही, नक्षी बिघडत नाही. चादरी कापून वेगळ्या करायच्या त्या जागेत एक फुकटची फेक जाते आणि धोटा आपल्या जागी परत येतो. म्हाताऱ्याला हे मराठीत समजावून सांगता आलं नसेल, किंवा देवाचं नाव घेतलं की कुणी काढणार नाही असं वाटलं असेल. आणि रामहरीनं काढली. सगळ्या माळांतून काढली. काल अर्धीच चादर विणली होती, माळेच्या टोकापर्यंत कुणी गेलंच नव्हतं. आज मानसिंग जाणार होता.

चादर व्हायला तासभर लागतो. माळा भरायला वेळ गेला, गाडी ढकलत आणायला वेळ गेला, आणि चहा. आईशपथ, तो चहा.

"मावशी, उरलेलं जाळू नको," एवढंच तो बोलला आणि पळत सुटला. चपला तिथंच राहिल्या.

माणूस भीतीनं पळतो तेव्हा त्याला वाट दिसत नाही असं म्हणतात. रामहरीला सगळं दिसत होतं. ओढ्यावरची फरशी, उन्हात वाळत घातलेल्या सुताच्या लडी, पानाच्या टपरीवरून हाक मारणारा ओळखीचा माणूस. आणि प्रत्येकावर दादाचा उजवा डोळा ठेवलेला दिसत होता. डोळा गेला तर दादा जेवेल कसा, हे त्याच्या मनात आलं. ताट कुठं आहे हे वहिनी त्याचा हात धरून दाखवेल. मग तिला काय सांगायचं? तुमी तितं हायसा म्हून, असं म्हणायची ती. त्याला पळता पळता रडू आलं आणि रडायला दम पुरेना. देवा, एखादा दोरा तुटू दे, तो म्हणत होता. चार दोरे तुटू देत. दादा तंबाखू मळायला थांबू दे. लाईट जाऊ दे. एरवी दिवसातून दोनदा जाते, आज जाऊ दे.

कारखान्याच्या फाटकाशी आला तेव्हा आतून धडधड ऐकू येत होती. लाईट गेली नव्हती.

मागांच्या खोलीत शिरलं की माणसाचा आवाज मरतो. तिथं कुणी हाक मारत नाही, खुणा करतात. आणि खूण करायची तर बघणाऱ्याला डोळा हवा. दार मानसिंगच्या डाव्या हाताला होतं, म्हणजे त्याच्या मेलेल्या डोळ्याच्या बाजूला. रामहरी दारातून ओरडला. स्वतःचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

मानसिंग मागासमोर उभा होता, पण कसला उभा. मान पार उजव्या खांद्यावर वळवलेली, तोंड भिंतीकडं. मागाकडं नुसता डावा गाल. विणणारा माणूस असा कधी उभा राहत नाही. चादर त्याला दिसतच नसणार. एका हातानं कापड चाचपत होता, दुसरा हात मुठीवर. हे काय चाललंय, रामहरीला कळेना. आणि कळायला वेळही नव्हता, कारण मागावर मोराच्या शेवटच्या पायाखालचा काठ दिसत होता. माळेचं टोक जेकार्डच्या तोंडाशी आलं होतं. दहाबारा पट्ट्या. त्याहूनही कमी.

धावत जाऊन दादाला मागं ओढावं, हे आधी मनात आलं. पण आंधळ्या बाजूनं हात लावला आणि तो दचकून वळला, तर डोळा नेमका मागासमोर येणार. मूठ ओढावी तर ती मानसिंगच्या पलीकडं. रामहरी जागच्या जागी फिरला आणि दाराशेजारच्या भिंतीवरचं मेन स्विच दोन्ही हातांनी खाली खेचलं.

माग लगेच थांबत नाही. जीव जाताना जनावर पाय झाडतं तसं करतो. सगळे माग हळू होत गेले आणि त्या उतरत्या आवाजात मानसिंगच्या मागाची एक फेक झाली. तांबडा धोटा उजवीकडं जाऊन बसला. डावी पेटी खाली सरकली. आणखी एक फेक झाली, मेलेली. पांढरा धोटा रखडत निघाला, उजव्या पेटीशी गेला, तांबड्याला टक् करून धडकला, उलटला, आणि कडेवरून घसरून मानसिंगच्या पायाशी पडला. मग सगळं शांत झालं.

विणकर ओरडायला लागले, कुणी बंद केलं रं, दोरे गेले की सगळे. सिद्धप्पा ऑफिसातून धोतर सावरत आले. रामहरी भिंतीला टेकून खाली बसला. "मी केलं मालक," तो म्हणाला. "चूक माजीच हाय. जोडनक्षीच्या सगळ्या माळा चुकल्यात." आणि बसल्या जागेवरून त्यानं सगळं सांगितलं, कोरी पट्टी, उरलेली फेक, पांढरा धोटा कुठं जाणार होता ते. सिद्धप्पा शिव्या द्यायला आले होते. ऐकता ऐकता त्यांची नजर मानसिंगच्या तोंडावर गेली आणि शिव्या राहूनच गेल्या. म्हणाले, "माळा उतरव आधी सगळ्या."

मानसिंगनं वाकून धोटा उचलला. त्याच्या पोलादी चोचीवरून अंगठा फिरवत तो रामहरीजवळ येऊन उकिडवा बसला.

"दादा," रामहरी म्हणाला, "तू आसा वाकडा का हुबा हुतास?"

मानसिंगनं आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाला, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये असं, "सकाळीच बगितलं मी. देवाची पट्टी न्हवती."

"आरं, मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? तूच ववलीस म्हनलास की." त्यानं धोटा खाली ठेवला. "मला काय त्यातलं कळत न्हाय. पर भ्या वाटलं. लई भ्या वाटलं, राम्या. म्हनलं, काय व्हायचं त्ये हुईल. हा डोळा तेवढा तिकडं नको."

तासभर हा माणूस भिंतीकडं तोंड करून, भीतीनं गोळा होऊन विणत उभा होता. मूठ त्याच्याच हातात होती. एक झटका दिला असता तर माग थांबला असता. धाकट्या भावाचा चारचौघांत अपमान होईल म्हणून दिला नाही.

उठून रामहरीनं एक कोरी पट्टी घेतली. भोकं पाडायचीच नव्हती, नुसती ओवायची होती. जोडमोराच्या माळेच्या शेवटी ती ओवली. कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोपुढचं कुंकू बोटावर घेऊन तिला लावलं. मग वीज बंदच ठेवून हातानं माग फिरवून त्यानं माळेचा जोड तीनतीनदा पुढं नेऊन बघितला. तांबडा गेला, परत आला. पांढरा निघाला, उजवी पेटी रिकामी. मानसिंगलाही दाखवलं. मानसिंगनं बघितलं, मान डोलावली, छान म्हणाला.

मेन स्विच वर केलं. मानसिंगनं मूठ ओढली आणि दुसरी चादर सुरू झाली. रामहरी या खेपेला त्याच्या उजव्या हाताला उभा राहिला, दिसेल असा. काठ आला, मोराचे पाय आले, पिसारा उलगडायला लागला. माग गोड चालला होता.

आणि हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये अशी, मानसिंगची मान वळायला लागली. चांगला डोळा मागावरून सुटून भिंतीकडं गेला. डावा गाल मागाकडं झाला.

रामहरीनं त्याच्यासमोर जाऊन वर माळेकडं बोट दाखवलं, मग कपाळाला बोट टेकवून कुंकवाची खूण केली. हाय की आता, दादा. लावलीय की.

मानसिंगनं मान डोलावली, नुसत्या ओठांनी व्हय म्हणाला, आणि तोंड भिंतीकडं ठेवूनच विणत राहिला.